काट्याला हात नको

कापसाची गाडी जिनिंगच्या दारात लागली की शेतकरी भाव विचारायच्या आधी काट्याकडे बघतो. "काटा कोना हातमा शे?" भाव पाच-पन्नास रुपयांनी कमी निघाला तर तो हळहळतो, चहा पितो आणि माल उतरवतो. काटा मारल्याचा संशय आला तर मात्र त्या दारात पुन्हा गाडी लावत नाही, आणि गावात चार जणांना सांगतो ते वेगळेच. छोट्या कॅटामरानच्या, म्हणजे जोडहोडीच्या, शर्यतीतले हँडिकॅप रेटिंग, म्हणजे मंद होडीला वेळेत सवलत देणारा आकडा, हा असाच एक काटा आहे. वेगवेगळ्या घडणीच्या होड्या एका शर्यतीत उतरवायच्या तर तो लागतोच. पूर्ण बरोबर आकडा आजवर कुणाला काढता आलेला नाही. म्हणूनच तो कुणाच्या हातात आहे याला जास्त महत्त्व येते.

खानदेशात समुद्र नाही, पण पाणी आहे. तापीवर हतनूरचे धरण, खाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज. शिवाय वाघूर, पांझरेवरचे अक्कलपाडा, नवापूरकडे उकाईचा फुगवटा. या पाण्यावर पर्यटन आणायचे म्हटले की चर्चा स्पीडबोट, जेटी आणि सेल्फी पॉइंटवर येऊन थांबते. शिडाच्या होडीचे नाव कुणी काढत नाही. खरे तर हुसेनसागरासारख्या शहरातल्या तलावावर हैदराबादकर वर्षानुवर्षे शिडाच्या शर्यती घेतात, भोपाळच्या मोठ्या तलावावर खेळाडू तयार होतात, खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे छात्र शीड शिकतात. समुद्रावाचून काही अडत नाही.

त्यातही कॅटामरान आपल्या पाण्याला सोयीची आहे. शब्द मूळचा तमिळ: कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडे. आजची शर्यतीची कॅटामरान म्हणजे दोन अरुंद हल (होडीची पोकळ धडे), त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या नळ्या, मधे ताणलेली ट्रॅम्पोलिन (बसायची जाळी), डोलकाठी आणि शीड. इंजिन नाही, डिझेल नाही. चाकांच्या छोट्या गाड्यावर चढवली की दोन-तीन माणसे ती काठावरून पाण्यात नेतात, आणि गाळाने भरत आलेल्या उथळ पाण्यातही ती तरते. (हतनूरला हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, त्या दिवसांत तिथे शर्यत लावूच नये. बॅरेजचे पाणी त्यापेक्षा बरे.)

पण असा ताफा उभा राहतो तेव्हा सगळ्या होड्या एकसारख्या नसतात. कुणी किनाऱ्यावरच्या क्लबातून जुनी होबी १६ (दोघांची छोटी कॅटामरान) उचलणार, कुणी स्पिनेकरवाली (वारा मागून असताना उघडायचे फुगीर शीड असलेली) १८ फुटी होडी, कुणी एकट्याने चालवायची हलकी होडी आणणार. मग पहिल्याच बक्षीस समारंभात वाद ठरलेला. वेगवान होडीचा मालक म्हणणार, मी पाच मिनिटे आधी पोचलो आणि दुसरा आलो? हळू होडीचा मालक म्हणणार, मला सवलतच कमी दिली. तिथे कुणीतरी वडीलधारा तोडगा काढतो: "जाऊ द्या, पुढच्या वेळी याचा आकडा थोडा वाढवून घेऊ." खेळ बिघडतो तो इथे. आकडा अन्यायाचा वाटला तर आकड्याला हात लावू नये, शर्यत बदलावी. लवचीक आकड्यापेक्षा ताठ आकडा आणि लवचीक शर्यत जास्त न्यायाची.

हे पटायला आकडा येतो कुठून ते बघू. छोट्या कॅटामरानसाठी मापावर आधारलेल्या दोन पद्धती प्रसिद्ध आहेत. एक स्मॉल कॅटामरान हँडिकॅप रेटिंग सिस्टिम, म्हणजे एससीएचआरएस. दुसरी टेक्सेल रेटिंग. हॉलंडच्या टेक्सेल बेटाला वळसा घालणारी शर्यत १९७८ पासून चालते, तिच्या नावाची. दोन्हींत होडीची लांबी, वजन आणि शिडाचे क्षेत्रफळ मोजतात. लांबी आणि शीड वाढले की होडी वेगवान धरली जाते, वजन वाढले की मंद. उंच-अरुंद शीड त्याच क्षेत्रफळाच्या बुटक्या शिडापेक्षा जास्त काम करते, म्हणून ते जास्त धरतात. डॅगरबोर्ड, म्हणजे हलमधून पाण्यात खाली सोडायची फळी, नसलेल्या होडीला थोडी सूट असते, कारण ती वाऱ्याच्या तोंडावर चढताना आडवी घसरते. मग होडीला लागलेल्या वेळेला रेटिंगने भागायचे. आकडा जितका मोठा, तितकी होडी मंद मानलेली.

तिसरी रीत ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ यार्डस्टिकची. तिथे माप घेत नाहीत. क्लबांनी पाठवलेल्या निकालांवरून कोणत्या जातीची होडी साधारण किती वेळ घेते ते काढतात. लागलेल्या वेळेला १००० ने गुणून होडीच्या आकड्याने भागायचे. अमेरिकेच्या पोर्ट्समथ यादीत तर वाऱ्याच्या जोराप्रमाणे वेगवेगळे आकडे असतात.

एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एका होबी १६ चे रेटिंग १.१८ धरा, एका १८ फुटी होडीचे १.००. लांब होडी ४५ मिनिटे ३० सेकंदांत आली, म्हणजे २७३० सेकंद, भागले १.००, तेवढेच राहिले. होबीला ५४ मिनिटे लागली, ३२४० सेकंद, भागले १.१८, आले २७४६. लांब होडी १६ सेकंदांनी जिंकली. पाण्यावरच्या वेळेत हा फरक जेमतेम १९ सेकंदांचा. आता समितीतल्या वडीलधाऱ्यांनी दयाबुद्धीने होबीचा आकडा १.१९ केला असता तर? ३२४० भागिले १.१९, म्हणजे २७२३. होबी सात सेकंदांनी जिंकली. एका शतांशाने निकाल उलटतो. इतक्या नाजूक काट्यावर बोट ठेवायची मुभा ज्याला मिळेल, तोच निकाल लावणार. होडी कुणी कशीही चालवो.

त्याच १९ सेकंदांकडे दुसऱ्या बाजूने बघू. होबी १६ ला डॅगरबोर्ड नाही. तिच्या हलचा आतला आणि बाहेरचा आकार वेगळा असतो आणि तळ केळ्यासारखा वाकलेला असतो. (रावेर-यावलच्या माणसाला ही उपमा समजावून द्यायला नको.) त्यामुळे टॅक घेताना, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून नाक फिरवताना, ती अडते. जिब, म्हणजे पुढचे छोटे शीड, क्षणभर उलटी भरू द्यावी लागते, मुख्य शिडाची दोरी सैल सोडावी लागते, मग नाक फिरते. बोर्डवाली होडी तोच टॅक चटकन उरकते. एका टॅकला होबीचे दहा सेकंद जास्त गेले असे धरले, तर दोन टॅक कमी पडताच वरचा निकाल उलटतो. आकड्याला धक्का न लावता.

तेव्हा बघायचे ते हे, की त्या शर्यतीत इतके टॅक आले कुठून. बॅरेजचे पाणी नदीच्या पात्रातच तुंबलेले, लांब पण अरुंद. वाऱ्याच्या तोंडावरचा टप्पा पात्राच्या आडव्या दिशेने लावला तर तो आखूड होतो. पात्राच्या लांबीने लावला तर लांबी मिळते, पण रुंदी नाही. दोन्ही काठांवर आपटत सारखा टॅक घ्यावा लागतो. रेटिंगच्या गणितात सूट असते ती मोकळ्या पाण्याचा विचार करून. तापीचे पात्र त्या गणिताला ठाऊक नाही. म्हणून पात्र सर्वांत रुंद असेल तिथेच वाऱ्यावरचा टप्पा ठेवावा. तशी जागा नसेल तर त्रिकोणी कोर्स घेऊन दोन टप्पे बाजूच्या वाऱ्याचे करावेत. तिथे टॅक लागत नाहीत, आणि वारा फार पुढून असेल तर स्पिनेकरही उघडता येत नाही. उलट कोर्स नुसता वर-खाली, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर चढायचे आणि वाऱ्याबरोबर उतरायचे असा असेल तर स्पिनेकरवाल्यांची चंगळ. कोर्सचा आकार हाच छुपा हँडिकॅप आहे. तो उघड्यावर आणायचा तर शर्यतीच्या सूचनापत्रात आधीच छापावा: अमुक फेऱ्या त्रिकोणी, अमुक वर-खाली, आणि दिवसभरात दोन्ही प्रकार सारखे.

वाऱ्याचेही तसेच. खानदेशात वारा नाही असे नव्हे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पण तो जोराचा वारा पावसाळ्याचा, आणि पावसाळ्यात बॅरेजचे दरवाजे उघडलेले. तेव्हा पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही. पाणी भरलेले आणि स्थिर मिळते ते दसऱ्यानंतर, तेव्हा वारा मवाळ. मार्च-एप्रिलपासून दुपारी पश्चिमेचा वारा जोर धरतो, तोवर पाणी उतरू लागलेले. म्हणजे मोसमाचा मोठा भाग हलक्या वाऱ्याचा. हलक्या वाऱ्यात होडीने उठवलेल्या लाटांचा अडथळा नगण्य होतो आणि पाण्याला घासणाऱ्या पृष्ठभागाचे राज्य येते. अशा वेळी जड होडी चिकटते, क्रूने मागे बसून शेपटी बुडवली तर आणखी चिकटते, आणि ज्याला मोठे शीड आहे तो सरकत राहतो. दिवसभर असाच वारा असेल तर मापाचे रेटिंग मंद होडीवर अन्याय करते, हे मान्य.

त्यावर उपाय म्हणून कुणी अमेरिकन रीतीने वाऱ्यागणिक वेगळा आकडा सुचवेल. कागदावर ते सुंदर दिसते. पण वारा कुठे मोजायचा? पंचांच्या होडीवर, की कोर्सच्या दुसऱ्या टोकाला? सुरुवातीला ४ नॉट होता आणि शेवटी ९ झाला तर कोणता धरायचा? शर्यत संपल्यावर हे ठरवायचे म्हणजे पुन्हा काटा माणसाच्या बोटाखाली. त्यापेक्षा किमान वाऱ्याची अट घाला: सुरुवातीच्या इशाऱ्याआधी पाच मिनिटे हातातल्या वारामापकाने मोजून सरासरी ५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटर नसेल तर शर्यत सुरू करायची नाही. वाट बघायची, काठावर बसून भरीत-भाकरी खायची. खेळाडू कुरकुरतील, पण कुणावर संशय घेणार नाहीत.

हँडिकॅप शर्यतीतला दुसरा मोठा अन्याय वेळेचा. वेगवान होडी ४५व्या मिनिटाला घरी पोचते, ४६व्या मिनिटाला वारा पडतो, आणि मागची होडी पाण्यात खिळ्यासारखी उभी राहते. तिचा आकडा कितीही उदार ठेवा, उपयोग शून्य. याला जुना आणि साधा तोडगा सरासरी फेरीचा. फेऱ्या लहान ठेवा. पुढची होडी ठरलेल्या फेऱ्या संपवून आली की बाकीच्यांना त्यांची चालू फेरी पूर्ण झाल्यावर थांबवा. समजा पुढच्या होडीच्या चार फेऱ्या झाल्या आणि होबी तीन फेऱ्यांत, ४१ मिनिटांत, रेषेवर आली. २४६० सेकंदांना चाराने गुणून तिनाने भागा: ३२८०. मग १.१८ ने भागा: २७८०. दोघांनी जवळजवळ एकाच वाऱ्यात शर्यत केली, आणि सगळे एकदम किनाऱ्यावर आले. फेऱ्यांची मोजणी चुकली तर मात्र सगळे मुसळ केरात. म्हणून रेषेवर दोन वेगळे नोंदणारे हवेत, प्रत्येकाची स्वतंत्र वही, आणि तिसऱ्याने मोबाइलवर रेषेचे सलग चित्रीकरण ठेवावे. शीड क्रमांक आणि घड्याळाची वेळ, एवढेच लिहायचे, वजाबाकी नंतर.

काठावर गर्दी जमवायची असेल, म्हणजे प्रकाशाला किंवा सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत, तर पाठलागाची शर्यत घ्यावी. तिथे हँडिकॅप सुरुवातीलाच देऊन टाकतात. तासाभराच्या शर्यतीत १.१८ ची होडी आधी सुटते आणि १.०० ची तिच्यामागून ९ मिनिटे ९ सेकंदांनी, हिशेब ६० गुणिले (१ वजा १ भागिले १.१८). तास संपला तेव्हा जो पुढे तो जिंकला. काठावरच्या म्हातारीलाही निकाल कळतो, कागद-पेन्सिल लागत नाही.

यावर एक हरकत वजनदार आहे आणि ती टाळून चालणार नाही. पोर्ट्समथ पद्धत क्लबांना स्थानिक निकाल बघून आकडे सुधारायला सांगते, मग आपणच का कट्टर व्हायचे? कारण निकालातून होडीचा वेग काढायचा तर त्याच जातीच्या अनेक होड्या, वेगवेगळे नाविक आणि पुष्कळ शर्यती लागतात. तेव्हा कुठे नाविकाचे कौशल्य वजा होऊन होडी उरते. ज्या ताफ्यात सहा होड्या सहा प्रकारच्या आहेत, तिथे होबीचा आकडा सुधारणे म्हणजे होबीच्या मालकाचा आकडा सुधारणे. तो नवशिका असेल तर आकडा सैल होतो. दोन वर्षांनी तो तरबेज झाला की तोच सैल आकडा त्याच्या पदरात बक्षिसे टाकत राहतो. मग कुणीतरी तो आवळायला सांगतो आणि भांडण सुरू. व्यक्तिगत हँडिकॅप द्यायला हरकत नाही. नवशिक्यांना त्याने हुरूप येतो. पण त्याला तेच नाव द्या, ढाल वेगळी ठेवा, आणि होडीच्या रेटिंगमध्ये ते मिसळू नका.

आता प्रत्यक्ष काट्याविषयी, म्हणजे लोखंडी काट्याविषयी. रेटिंग मापावर असेल तर माप प्रामाणिक हवे, आणि होडीचे वजन घेताना जितक्या चुका होतात तितक्या दुसरीकडे होत नाहीत. उघड्यावर वजन घेऊ नये. ट्रॅम्पोलिनखाली वारा शिरला की काट्यावरचा आकडा नाचतो. जिनिंगचे रिकामे शेड किंवा केळीचे गोदाम उत्तम. आधीच्या रात्री दोन्ही हलचे प्लग काढून होडी मागे कलती ठेवावी. सकाळपर्यंत साचलेले पाणी निघते. चेनपुलीला ३०० किलो क्षमतेचा, वैध मापन खात्याचा शिक्का ताजा असलेला लटकता काटा लावावा. दोन्ही आडव्या नळ्यांना चार पट्टे घालून ते काट्याच्या एका हुकात आणावेत आणि पट्ट्यांचे वजन आधी वजा करावे. होडी उचलण्यापूर्वी आणि उतरवल्यानंतर ओळखीच्या वजनांनी काटा तपासावा. गोदामातली २० किलोची वजने चालतात. होडीवर काय काय आहे, काय नाही, याची यादी करून मालकाची आणि मोजणाऱ्याची सही घ्यावी. मोजणारा त्या दिवशी दुसऱ्याची होडी मोजेल, स्वतःची कधीच नाही.

जुन्या होड्यांचे हल मधे फोम आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लास अशा थरांचे असतात. ऊन खाऊन थर सुटतात. बोटाच्या पेराने ठोकत गेले की चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द. सुकाणूच्या कड्यांपाशी किंवा प्लगच्या कडेने पाणी आत झिरपून फोम ओला राहिला तर होडी अनेक किलोंनी जड होते. मग मालक म्हणतो, माझी जड आहे, सूट द्या. देऊ नये. मापाच्या पद्धतीत वजन वाढले की रेटिंग सैल होते हे खरे, पण ओल्या फोमला सूट म्हणजे दुर्लक्षाला बक्षीस. होबी १६ चे क्लासचे, म्हणजे त्या जातीच्या नियमांतले, वजन १४५ किलो आहे. सूट काढायची तर तेच धरावे आणि मालकाने हल दुरुस्त करावा. आमच्या उन्हात शीड आणि ट्रॅम्पोलिनची शिवण हलच्याही आधी जाते, हा खर्च नवीन माणसाला कुणी आधी सांगत नाही.

क्रूच्या वजनाचा मुद्दा खानदेशात विशेष बोचणार. होबी १६ च्या क्लास नियमात दोघांचे मिळून किमान १२९.३ किलो लागते. कॉलेजची दोन ५५ किलोंची पोरे उतरली तर १९.३ किलो वजन होडीवर बांधावे लागेल. कबड्डीच्या वजनगटासाठी उपाशी राहणाऱ्या पोरांना हे उलटेच वाटेल, पण कारण आहे: हलक्या वाऱ्यात हलका क्रू फुकट जिंकतो. हे वजन ट्रॅम्पोलिनच्या मध्याजवळ घट्ट बांधावे. अंगावर जॅकेट ओले करून चढवलेले वजन होडी उलटल्यावर माणसाला खाली ओढते. ज्याचा क्रू भारी आहे त्याला मात्र कुठलीच सवलत नाही. फॉर्म्युला १८ या १८ फुटी होड्यांच्या क्लासने हे अधिक शहाणपणाने सोडवले: हलक्या क्रूला ३.४५ चौरस मीटरची जिब आणि १९ चा स्पिनेकर, भारी क्रूला ४.१५ ची जिब आणि २१ चा. मुख्य शीड सर्वांना १७ चे. पुन्हा तेच बघा. कुणाच्या वेळेला भागाकार न लावता होडीच जुळवून घेतली.

फॉर्म्युला १८ चा जन्मच या वादातून सुटण्यासाठी झाला, असे म्हटले तरी चालेल. वेगवेगळ्या कारखान्यांच्या १८ फुटी होड्या १९९०च्या दशकात एका चौकटीत आणल्या गेल्या: कमाल लांबी ५.५२ मीटर, रुंदी २.६० मीटर, किमान वजन १८० किलो. चौकटीत कुणीही बांधा, पण रेषेवर पहिला येईल तोच पहिला. ए-क्लास या एकट्याने चालवायच्या कॅटामरानच्या क्लासमध्येही असाच प्रसंग आला. पाण्यावर उचलून चालणाऱ्या फॉइलवाल्या होड्या आणि साध्या होड्या यांत दरी पडली, तेव्हा क्लासने कुणाला रेटिंग दिले नाही. साध्यांचा गट वेगळा केला. बैलगाड्यांच्या शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पडतात, यापेक्षा हे फार वेगळे नाही. दुशाला चौशाबरोबर पळवून नंतर सेकंद वजा करत कुणी बसत नाही.

म्हणून ताफा पंधरा-वीस होड्यांचा होण्याची वाट बघू नये. एका जातीच्या चार होड्या झाल्या की त्यांची सुरुवात वेगळी करावी आणि हँडिकॅपमधून त्यांना बाहेर काढावे. आमच्या पाण्यासाठी ती जात होबी १६ सारखी असावी: डॅगरबोर्ड नाही, सुकाणू अडखळले की वर उचलले जाते, सुटे भाग जुन्या होड्यांतूनही मिळतात. जलाशयात मच्छीमारांची जाळी असतात; डॅगरबोर्ड जाळ्यात अडकला की होडी जागेवर फिरते आणि जाळे फाटते. अशा वेळी मालक भरपाईचे गुण मागतो. जाळे ही पंचांची चूक नव्हे, गुण देता येत नाहीत. आदल्या दिवशी मच्छीमार सहकारी संस्थेच्या माणसांबरोबर कोर्सवरून फिरून जाळ्यांच्या टोकांना खुणेचे डबे बांधले असते तर ही वेळ आली नसती. फाटलेल्या जाळ्याचे पैसे मात्र त्याच दिवशी चुकते करावेत.

क्लास निवडताना ऑलिंपिककडे बघून निवडू नये. टॉर्नेडो ही कॅटामरान १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये होती. २००८ नंतर ती गेली आणि २०१२ मध्ये एकही कॅटामरान नव्हती. २०१६ ला नॅक्रा १७ आली, आणि पुढच्याच फेरीत ती फॉइलवर गेली. लाखो रुपयांची होडी दुसऱ्याच्या सभेतल्या मतदानाने जुनी होते. नावाचीही गोष्ट आहे. लेझर ही जगातली अत्यंत लोकप्रिय एकट्याची होडी. पण त्या नावाचा व्यापारी हक्क क्लास संघटनेकडे नव्हता. उत्पादकाशी वाद झाल्यावर २०१९ मध्ये संघटनेला होडीचे नाव बदलून आयएलसीए करावे लागले. आपल्या संस्थेच्या नावात, घटनेत, ढालीवर कुठल्याही कंपनीचे नाव कोरू नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

घटनेचा विषय निघालाच आहे. खानदेशात सहकारी संस्थांचा अनुभव दांडगा. सोसायटी, जिनिंग, दूध संघ, सगळीकडे आपण सर्वसाधारण सभा पाहिल्या आहेत आणि त्या कशा गुंडाळल्या जातात तेही पाहिले आहे. होड्यांच्या संघटनेत मत होडीमालकामागे एक असावे. पाच होड्या विकत घेऊन भाड्याने देणाऱ्याला पाच मते मिळू नयेत, त्याला एकच. होडी, शीड किंवा सुटे भाग विकणारा माणूस सभासद होऊ शकतो, तांत्रिक समितीत नाही. पुरस्कर्ता नेता प्रमुख पाहुणा होऊ शकतो, पंच नाही. नियम बंद पद्धतीचे असावेत: ज्याला लेखी परवानगी आहे तेवढेच करायचे, बाकी सगळे मना. "मनाई कुठे लिहिली आहे?" हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

सुरक्षेच्या बदलाला मात्र रेटिंगमध्ये आणू नये. होबी १६ ची डोलकाठी सुमारे ८ मीटर उंच, ॲल्युमिनियमची. आपल्या जलाशयांच्या काठाने कृषिपंपांच्या तारा गेलेल्या असतात, पार्किंगपासून पाण्यापर्यंतच्या वाटेवर त्या लोंबत असतात. तारांना लागून झालेल्या मृत्यूंनंतर अमेरिकेत डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा केला गेला. तसा भाग आमच्याकडे सर्वांना सक्तीचा असावा. त्याने होडी किंचित मंद होते म्हणून कुणी सूट मागू नये, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याने काठी उभी करूच नये. काठी उभी करायची जागा तारांपासून दूर, चुन्याने आखलेली असावी.

राहिली आकडे बदलायची वेळ. एससीएचआरएसची नवी यादी येते तेव्हा आपला मोसम चालू असेल तर ती तशीच बाजूला ठेवावी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाणी खाली गेलेले असते, होड्या शेडमध्ये असतात, पोरी माहेरी आलेल्या असतात आणि माणसे गावात सापडतात. सभा तेव्हाच घ्यावी. नव्या होड्यांचे वजन त्याच आठवड्यात. त्या सभेत मंजूर झालेली यादी दसऱ्याला लागू व्हावी आणि पुढच्या आखाजीपर्यंत एकाही आकड्यात शतांशाचाही बदल होऊ नये. छापील यादीवर तारीख आणि सभापतीसह तिघांच्या सह्या, एक प्रत शेडच्या दारावर, एक निकाल लिहिणाऱ्याच्या वहीत चिकटवलेली. यादीत नसलेली होडी मोसमाच्या मधेच आली तर ती पाण्यात उतरू शकते, रेषा ओलांडू शकते, तिची वेळही लिहिली जाते. गुण मिळत नाहीत.